मोनाझाइटवर प्रक्रिया करताना किरणोत्सारी मूलद्रव्ये वेगळी कशी काढावीत

केरळमधील चवरा, तमिळनाडूतील मनवलकुरिची आणि ओडिशातील छत्रपूर येथील किनारी वाळूत सापडणाऱ्या मोनाझाइट या फॉस्फेट खनिजात दुर्मिळ मृदा (लॅन्थॅनम, सिरियम यांसारखे धातू) यांची ऑक्साइडे साधारण ५८ ते ६० टक्के असतात आणि त्यांच्यासोबत ८ ते ९ टक्के थोरियम ऑक्साइड व थोडे युरेनियमही येते. चुंबकीय आणि स्थिरविद्युत यंत्रांनी मोनाझाइट इल्मेनाइट, झिरकॉन यांच्यापासून वेगळे होते. मात्र थोरियम त्याच्या स्फटिकातच बसलेले असल्याने ते काढण्यासाठी रसायनांचाच आधार घ्यावा लागतो. हे काम अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्याखालीच करता येते.

बारीक दळलेले मोनाझाइट संहत कॉस्टिक सोड्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला काही तास शिजवावे. फॉस्फेट सोडियमसोबत द्रावणात जाते आणि दुर्मिळ मृदा, थोरियम व युरेनियम यांची हायड्रॉक्साइडे लगद्यात उरतात. हा लगदा गरम पाण्याने, फॉस्फेट निघून जाईपर्यंत, नीट धुवावा. तो उघड्यावर वाळू देऊ नये. हवेमुळे सिरियमचे ऑक्सिडीकरण होऊन ते चतुःसंयुजी बनते आणि पुढच्या टप्प्यात थोरियमबरोबरच मागे राहते.

त्यानंतर हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू, ढवळत घालावे आणि शेवटचा सामू (pH) साडेतीनच्या आसपास ठेवावा. या सामूला दुर्मिळ मृदा विरघळतात, थोरियम मात्र हायड्रॉक्साइडच्या रूपात न विरघळता राहते. घाईने आम्ल ओतल्यास थोडे थोरियमही द्रावणात उतरते. अशा वेळी न विरघळलेल्या लगद्याचाच काही भाग घालून सामू वर आणावा.

अनेकजण इथेच काम संपले असे समजतात. माझ्या मते खरी कसोटी इथून सुरू होते, कारण थोरियम व युरेनियम यांच्या क्षयातून तयार झालेले रेडियम थोरियमबरोबर मागे न राहता क्लोराइडच्या स्वरूपात दुर्मिळ मृदांबरोबर द्रावणात येते. त्यातील रेडियम-२२८चे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) पावणेसहा वर्षांचे, तर रेडियम-२२६चे सुमारे १६०० वर्षांचे आहे. वजनाने ते इतके अल्प असते की त्याचा स्वतंत्र साका (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) पडत नाही. म्हणून द्रावणात आधी बेरियम क्लोराइड विरघळवून मग सल्फेट सावकाश सोडावे, म्हणजे तयार होणारे बेरियम सल्फेट रेडियमला आपल्या स्फटिकात ओढून घेते. तयार बेरियम सल्फेटची भुकटी टाकून हा परिणाम मिळत नाही. सोडियम सल्फेट बेताने वापरावे, अन्यथा दुर्मिळ मृदांचेच दुहेरी सल्फेट साक्यात जाते आणि माल वाया जातो. शिसे, विशेषतः शिसे-२१०, काढण्यासाठी सोडियम सल्फाइड वापरतात. आम्लधर्मी द्रावणात त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, म्हणून तिथे वायुवीजन चालू असलेच पाहिजे.

गाळल्यावर लगेच गॅमा मोजणी केल्यास आकडा फुगलेला दिसतो. रेडियम गेले तरी त्याच्यापासून आधीच तयार झालेले ॲक्टिनियम-२२८ (अर्धायुष्य सुमारे ६ तास) आणि शिसे-२१२ (सुमारे साडेदहा तास) द्रावणात रेंगाळतात. चार-पाच दिवस थांबून पुन्हा मोजावे, मगच साका पुन्हा पाडायचा की नाही हे ठरवावे. ॲक्टिनियम-२२७चे वर्तन लॅन्थॅनमसारखेच असल्याने ते बेरियमला दाद देत नाही. त्यामुळे लॅन्थॅनमचा माल स्वतंत्रपणे तपासावा.

या सर्व क्रियांत किरणोत्सार नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. बेरियमचा साका वजनाने कमी असला तरी त्यात रेडियम एकवटलेले असल्याने तो थोरियमच्या लगद्यात न मिसळता, नोंद करून, परवानगी असलेल्या वेगळ्या साठवणीतच ठेवावा.