गजबजलेला समुद्रकिनारा रंगवताना या चुका टाळा

इम्प्रेशनिस्ट पद्धतीने, म्हणजे बारकाव्यांपेक्षा मोकळ्या फटकाऱ्यांनी ऊन-रंगाचा ठसा पकडत, किनारा रंगवायला घेतला की बहुतेकांची गाडी गर्दीपाशी अडते. आकाश, पाणी जमून जातं. माणसं मात्र कापून चिकटवल्यासारखी दिसतात. कारण बहुधा एकच, प्रत्येकाला नाक-डोळे द्यायचा हट्ट. फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोनेने १८७० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या त्रूव्हील या किनाऱ्यावरच्या गावी केलेली चित्रं बघा. ‘रोश न्वार’ हॉटेलच्या चित्रात (ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे) वर फडफडणारा मोठा झेंडा म्हणजे लाल रंगाचे मोजके फटकारे. खालची माणसं तर नुसत्या रेघा नि ठिपके. चेहरा सोडा, आधी टोपी, छत्री, सावली एवढंच लावा आणि चार पावलं मागे जाऊन बघा.

तरीही माणसं हवेत तरंगतात? मग क्षितिज तपासा. सपाट वाळूवर उभं राहून पाहिलं तर जवळची काय, लांबची काय, उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवरच येतात. लांब जाल तसे पाय वर सरकतात. बसून रंगवत असाल तर क्षितिज उभ्या असलेल्या सगळ्यांच्याच साधारण छातीशी येईल. मोनेला उघड्यावर रंगवायची गोडी लावणाऱ्या युजेन बूदँच्या चित्रांत गर्दीचा असा आडवा पट्टा दिसतो, आणि वर आकाशच आकाश.

पांढरा झगा ट्यूबमधल्या पांढऱ्याने भरू नका. त्यात निळसर करडा, थोडा पिवळा येऊ द्या. कोरा पांढरा ऊन थेट पडतं तिथेच.

काळा वर्ज्य, हा सर्रास मिळणारा सल्ला मला पटत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या ‘त्रूव्हीलचा किनारा’ या मोनेच्या चित्रात एक बाई पांढऱ्या पोशाखात, दुसरी गडद. त्या गडद आकारामुळेच पांढरा उजळतो. सावल्या मात्र काळ्याने करू नका, मळकट होतात.

रंगाचा चिखल झाला तर वरून आणखी रंग थापू नका. पॅलेट नाइफने खरवडा, ब्रश पुसा, पुन्हा एकच फटकारा मारा नि हात काढून घ्या.

आणि हो, मोनेच्या ‘त्रूव्हीलचा किनारा’ या चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडलेत, म्हणून रंगात मुद्दाम वाळू कालवू नका. तो किनाऱ्यावरच रंगवत होता, वाऱ्याने उडून चिकटली. पोत हवा असेल तर रंग जाड लावा. वाळूने ब्रशची मात्र वाट लागते.