घरी टायर बदलताना कुठे काय फसतं

दुचाकीचा टायर बदलणं अवघड नाही. अवघड आहे ते गाडी न पाडता, ट्यूब न चावता आणि रिम न वाकवता बदलणं. घरात होणाऱ्या बहुतेक भानगडींचं मूळ एकच असतं: नको तिथे जोर लावणं. टायर हाताच्या बेताच्या जोरानं चढत किंवा उतरत नसेल तर तो चुकीच्या जागी अडकलेला असतो. अशा वेळी मोठी टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) आणायला धावू नका, आधी कुठे अडकलाय ते बघा. खाली लिहिलेलं मुख्यतः जुन्या स्प्लेंडर, प्लॅटिना, बुलेट अशा ट्यूबवाल्या गाड्यांसाठी आहे. ट्यूबलेसचं शेवटी वेगळं दिलंय.

गाडी आधी बसवा

पहिला अपघात टायरला हात लागायच्या आधीच होतो. आमच्या बेळगाव भागात, खानापूर, जांबोटीकडच्या घरांत गाडी पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये असते आणि खाली मातीची जमीन. पावसाळ्यात मेन स्टँडचा एक पाय त्या लाल मातीत रुततो, गाडी कलते आणि अर्धवट सुटलेला एक्सल (चाकाच्या मधला दांडा) तिरका होऊन अडकतो. स्टँडखाली दीड-दोन इंच जाडीची सपाट फळी टाका, दोन्ही पाय एकाच फळीवर येतील एवढी लांब.

मागचं चाक काढल्यावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं. एक्सल ओढताना धक्का बसला की गाडी पुढे सरकते आणि मेन स्टँड मिटतो. म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला घट्ट बांधायचा. पुढचा ब्रेक डिस्कचा असला तरी मागचं चाक काढताना हे चालतं. पुढचं चाक काढायचं असेल तर उलटा धोका: गाडी नाकावर येते. मागच्या सीटवर वाळूचं पोतं ठेवा आणि इंजिनखाली फळी घालून जॅक लावा. जॅक सायलेन्सरच्या पाइपला टेकवू नका, पाइप दबतो.

चाक काढताना

एक्सलचा नट सुटला, पण एक्सल हलत नाही, हे आपल्याकडे नेहमीचं. चार महिने पाऊस आणि चिखल खाल्लेला एक्सल आतल्या कॉलरला (त्यावर चढवलेल्या नळीच्या तुकड्याला) गंजून धरतो. त्यावर सरळ हातोडा मारला की आट्यांचं तोंड पसरतं, मग ना नट चढतो ना एक्सल बाहेर येतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. सकाळी नट परत चढवून एक्सलच्या टोकाशी समतल करा आणि त्यावर लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा धरून ठोका. एवढं करूनही आटे बिघडले तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या लेथवर नवे करून घेण्यापेक्षा नवीन एक्सल घ्या. त्या एका दांड्यावर चाक उभं असतं.

स्प्लेंडरसारख्या बऱ्याच गाड्यांत साखळीच्या बाजूला दोन नट दिसतात. आतला मोठा नट स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चक्राचा) आहे, त्याला हात लावायचा नाही. बाहेरचा सोडून एक्सल ओढला की चाक हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) रबरांतून सुटून येतं. साखळी आणि स्प्रॉकेट जागेवर राहतात, साखळीचा ताणही बदलत नाही. ही रबरं खाली पडली तर कशी बसली होती ते लक्षात ठेवा.

कॉलर आणि वॉशर कोणत्या बाजूचा, कोणता आत, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक कॉलर विसरली तर नट आवळताच चाक जाम होतं. जाम झालं नाही तर बेअरिंगवर आडवा दाब येत राहतो आणि थोड्याच दिवसांत ते वाजायला लागतं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोतानं उडवू नका. ती ब्रेक शूची बारीक भुकटी असते, छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा. डिस्कच्या गाडीत चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत शिरत नाही. कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) पुठ्ठ्याची जाड घडी घालून ठेवा. चाक खाली ठेवताना डिस्कची बाजू वर.

टायर उतरवणं

आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मग वॉल्व्हची डिब्री (वॉल्व्हवरचा लहान नट). टायरची कडा रिमला चिकटलेली असते. ती सुटवायला दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडचा पाय टायरच्या कडेवर ठेवून गाडी अलगद कलती करतात. युक्ती चालते, पण स्टँड रिमवर घसरला तर रिमला खड्डा पडतो. त्यापेक्षा पायाच्या टाचेनं सगळीकडून थोडं-थोडं दाबत फिरा. दोन्ही बाजूंची कडा सुटली पाहिजे, नुसती वरची नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रिमचा काप नजरेसमोर आणा: दोन्ही काठ उंच आणि मधे खोलगा. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. म्हणजे एका बाजूची कडा काठावरून बाहेर काढायची तर समोरची कडा खोलग्यात उतरलेली हवी, तरच सैलपणा मिळतो. समोरची कडा काठाशीच बसलेली असेल तर तुम्ही टामीनं तारेशी झुंजत असता. त्या झुंजीत कधी रिमचा काठ वाकतो, कधी टामी निसटून हनुवटीवर बसते, आणि कधी तार तुटते. तार तुटलेला टायर बाहेरून ठीक दिसतो, पण कडेपाशी फुगवटा येतो आणि तो रिमवर एकसारखा बसत नाही. तो फेकायचाच.

म्हणून वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला दोन्ही गुडघे टेकून कडा खोलग्यात दाबून धरा आणि टामी वॉल्व्हपाशी घाला. वॉल्व्हच्या बुडखामुळे तिथे कडा खोलग्यात जाऊच शकत नाही, म्हणून काढताना सुरुवात तिथून आणि घालताना शेवट तिथे. एका वेळी दोन इंच, जास्त नाही. टामी १० ते १२ इंचांची, टोक चमच्यासारखं गोल, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलेलं. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. रिम पॉलिशची असेल तर ऑइलच्या रिकाम्या प्लास्टिक डब्याचे तळहाताएवढे तुकडे कापून काठावर टामीखाली ठेवा. उन्हात ठेवलेला टायर मऊ पडतो. डिसेंबर-जानेवारीतल्या बेळगावच्या गार सकाळी हे काम काढलंत तर टायर लाकडासारखा कडक असतो, त्यामुळे दुपारी बसा.

ट्यूबचं भोक बोलतं

जुनी ट्यूब फेकण्याआधी तिच्यात हवा भरून भोक शोधा आणि ते वॉल्व्हपासून किती अंतरावर, कोणत्या बाजूला आहे ते बघा. जमिनीकडच्या बाजूला असेल तर खिळा किंवा काटा. अथणी, रायबागकडच्या काळ्या मातीतल्या रस्त्यांवर बाभळीचा काटा नेहमीचा, आणि तो टायरमध्ये मोडून आतच राहतो. नवीन ट्यूब घातली की तासाभरात परत पंक्चर. टायरच्या आतून बोट फिरवू नका, जुनं कापड फिरवा. काट्यावर ते अडकतं.

भोक रिमकडच्या बाजूला असेल तर आरीचं (स्पोकचं) टोक निपलच्या (तिच्या नटाच्या) वर आलंय किंवा रिमची रबरी पट्टी सरकलीय. टोक कानशीनं घासा आणि पट्टी नवीन टाका. शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा असतील तर गेल्या वेळी टायर घालणाऱ्याच्या टामीनं चावलंय. वॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर हवा कमी असल्यानं टायर रिमवर घसरत होता आणि ट्यूब सोबत ओढली जात होती. वॉल्व्ह तिरका दिसायला लागला की हे सुरू झालंय असं समजा.

नवीन टायर बघून घ्या

बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात पडून पाच-सहा वर्षं झालेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको. फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो उलटा बसवला हे चाक गाडीला लागल्यावर लक्षात येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून चाकावर खडूनं पुढची दिशा आधीच लिहून ठेवा. टायरचा आकार बदलला तर ट्यूबही त्याच मापाची. जुनी ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि घडीवर ती फुटते.

घालणं

रिमचा काठ आणि खोलगा पॉलिश पेपरनं घासून गंज काढा, पुसा. टायरच्या कडेला भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, पेट्रोल लावू नका. रबर फुगतं आणि टायर रिमवर घसरतो, वर सांगितलेला तिरका वॉल्व्ह तिथूनच येतो. ट्यूबला टाल्कम पावडर चोळा.

खालची कडा बहुतेक हातानंच चढते. मग ट्यूब. तिच्यात थोडी हवा हवी, गोल आकार धरण्यापुरती. अगदी रिकामी ट्यूब टामीखाली सापडते आणि जास्त भरलेली कडा चढू देत नाही. वॉल्व्ह भोकातून काढून डिब्री दोन आट्यांवरच ठेवा. वरची कडा वॉल्व्हच्या समोरून चढवायला घ्या, चढलेला भाग गुडघ्यानं खोलग्यात दाबत दोन्हीकडून वॉल्व्हकडे या. शेवटचे सहा-सात इंच उरतात तिथेच बहुतेक ट्यूबा मरतात. थांबा, परत साबण लावा, समोरची कडा खोलग्यात आहे का बघा, वॉल्व्ह आत ढकलून ट्यूब कडेखाली आलेली नाही ना ते पाहा. मग दोन इंच. टामी आत फार खोल घालू नका आणि उभी झाल्यावर पुढे रेटू नका, तिचं टोक तेव्हाच ट्यूबला लागतं.

आता हवा भरा, पूर्ण सोडा आणि परत भरा. पहिल्यांदा ट्यूबला पडलेल्या घड्या यानं सरळ होतात. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसायला हवी. कुठे बुडाली असेल तर हवा सोडून तिथे साबण लावा. कडा बसवण्यासाठी ४० पीएसआयच्या वर जायचं नाही आणि त्या वेळी बोटं कडेपाशी नकोत. नंतर गाडीच्या स्टिकरवरचा आकडा ठेवा. डिब्री रिमवर आवळून ठेवू नका, वर टोपणाला भिडवा. रिमला घट्ट असेल तर ट्यूब थोडी सरकली तरी वॉल्व्ह मुळातून फाटतो.

ट्यूबलेस

उतरवायला कडा जास्त चिवट आणि बसवायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो. पायपंपानं तो मिळत नाही, हवा एका बाजूनं भरते आणि दुसऱ्या बाजूनं निघून जाते. टायरच्या मधोमध दोरी किंवा पट्टा गुंडाळून काठीनं पीळ दिला की कडा बाहेर सरकतात. वॉल्व्हची पिन काढून भरल्यास हवा भरभर जाते. तरीही जमत नसेल तर चाक उचलून कॉम्प्रेसरवाल्याकडे न्या. पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचे व्हिडिओ दिसतात. घरात, बंद शेडमध्ये, तो प्रकार करू नका. रिमच्या काठावर वाळूचा कण राहिला तर हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चर सापडत नाही.

चाक परत बसवताना

पुढच्या ड्रम ब्रेकच्या प्लेटवरची खाच फोर्कच्या पट्टीत बसलीच पाहिजे. मागच्या प्लेटचा टॉर्क रॉड (प्लेटला फिरू न देणारा दांडा) लावायचा विसरला तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकासोबत फिरते, ब्रेकचा रॉड गुंडाळतो आणि चाक जाम. हा घरच्या कामातला सगळ्यात घातक विसर आहे. टॉर्क रॉडचा नट आणि स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुमडती पिन) शेवटी दोनदा बघा. स्पीडोमीटरच्या गिअरचे दोन दात हबच्या खाचांत बसलेत ना पाहूनच एक्सल आवळा, नाहीतर ते चेपतात. ड्रमच्या गाडीत ब्रेक दाबून धरूनच एक्सल आवळला की शू मधोमध बसतात आणि ब्रेक घासत नाही. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीन, काही रुपयांची वस्तू आहे. डिस्कची गाडी असेल तर निघण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा, पहिल्या दाबाला तो रिकामाच जातो.

चाक हातानं फिरवून बघा, मग गल्लीतल्या गल्लीत एक फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना हवा मोजा, पन्नासेक किलोमीटरनंतर एक्सलचा नट पुन्हा तपासा. नवीन रबरावर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पहिले १०० ते १५० किलोमीटर वळणावर गाडी कलवू नका. चोर्ला घाटाचा बेत पुढच्या रविवारी.