एमडीचा पगार आणि कंपनीचा नफा: ठरावावर मत देण्याआधी ताळा कसा घ्यायचा

व्यवस्थापकीय संचालकांच्या (एमडींच्या) मोबदल्याचा ठराव ई-व्होटिंगला, म्हणजे ऑनलाइन मतदानाला, येतो तेव्हा बहुतेक छोटे भागधारक तो न वाचताच सोडतात. हिशेब अवघड नाही. त्यासाठी लागणारे आकडे कंपनीला कायद्यानेच छापावे लागतात.

पाच वर्षांचे वार्षिक अहवाल बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवरून उतरवून घ्या. प्रत्येक अहवालात तीन जागा शोधा: कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवालातला संचालकांच्या मोबदल्याचा तक्ता, संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेले कंपनी कायद्याच्या कलम 197(12) चे परिशिष्ट आणि स्टँडअलोन (उपकंपन्या वगळून, फक्त मूळ कंपनीचे) नफा-तोटा पत्रक. दरवर्षीचा एकूण मोबदला, करपूर्व नफा आणि मोबदल्याची नफ्याशी टक्केवारी एका कागदावर ओळीने मांडा. समजा, नफा 100 कोटींवरून 120 कोटींवर गेला आणि एमडींचा मोबदला 3 कोटींवरून 6 कोटींवर. नफा 20% वाढला, मोबदला दुप्पट झाला, नफ्यातला वाटा 3% वरून 5% झाला. हे कायद्याच्या मर्यादेत बसते, पण कामगिरीशी त्याचा मेळ नाही. एकाच वर्षाची तुलना मात्र करू नका. मंदीचे वर्ष पायाला धरले की नफ्याची वाढ मोठी दिसते आणि तिच्यापुढे कोणतीही पगारवाढ माफक दिसते.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 197 नुसार सर्व संचालकांचा मिळून मोबदला निव्वळ नफ्याच्या 11% पर्यंत, एकच एमडी किंवा पूर्णवेळ संचालक असेल तर त्याचा 5% पर्यंत आणि एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांचा मिळून 10% पर्यंत देता येतो. पाच किंवा दहा टक्क्यांपुढे जायचे तर विशेष ठराव हवा. इथला ‘निव्वळ नफा’ म्हणजे बातमीत छापून येणारा नफा नव्हे. तो कलम 198 प्रमाणे काढतात: आयकर वजा करायचा नाही, संचालकांचा मोबदलाही वजा करायचा नाही, पण भांडवली स्वरूपाचा नफा आणि नुसत्या पुनर्मूल्यांकनातून फुगलेली रक्कम धरायची नाही. आणि तो फक्त मूळ कंपनीचा. उपकंपन्यांचा नफा त्यात येत नाही. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. 2014 मध्ये टाटा मोटर्सच्या कार्यकारी संचालकांच्या मोबदल्याचे ठराव भागधारकांनी फेटाळले. जग्वार लँड रोव्हर या उपकंपनीमुळे समूहाचा एकत्रित नफा भरघोस होता, पण मूळ कंपनीचा नफा त्या मोबदल्याला पुरत नव्हता, म्हणून तर विशेष ठराव आणावा लागला होता. तेव्हा दोन्ही नफे लिहा: मर्यादा स्टँडअलोनवर तपासा, कामगिरी एकत्रित आकड्यावर.

नफा अपुरा असेल तर अनुसूची 5 लागू होते आणि मर्यादा प्रभावी भांडवलावर (भागभांडवल, राखीव निधी आणि दीर्घ मुदतीची कर्जे मिळून, त्यातून गुंतवणुका आणि तोटा वजा जाता) ठरते. भांडवल 5 ते 100 कोटी असेल तर वर्षाला 84 लाख, 100 ते 250 कोटी असेल तर 1.20 कोटी. त्याहून जास्त द्यायचे तर पुन्हा विशेष ठराव. अशा ठरावाच्या स्पष्टीकरणात नफा का घटला आणि सुधारणेसाठी काय करणार, हे कंपनीला सांगावे लागते. तिथे नुसती गोलमोल वाक्ये असतील तर विरोधात मत द्यायला तेवढे कारण पुरे.

मोबदल्याचा आकडा फोडून पाहा: ठरावीक पगार, कामगिरीवरचा बोनस, शेअर्स. इन्फोसिसच्या सलील पारेख यांचा 2021-22 चा मोबदला 71 कोटी रुपयांच्या पुढे होता, पण त्यातले सुमारे 52 कोटी आधीच्या वर्षांत देऊ केलेले शेअर युनिट (ठरावीक काळानंतर शेअर मिळण्याचा हक्क) त्या वर्षी वापरल्याचे होते. असा आकडा त्या एका वर्षाच्या नफ्याशी लावला तर तुलना फसते. शेअर्स दिले त्या वर्षाचे मूल्य वेगळे धरा. उलट ठरावीक पगारच मोठा आणि बोनसचा निकष कुठेच लिहिलेला नाही, तर मोबदला कामगिरीशी जोडलेला आहे असे म्हणता येत नाही.

कलम 197(12) च्या परिशिष्टात एमडींचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) किती पट आहे, हे दिलेले असते. ही पट सावधपणे वाचा. कंत्राटी कामगार त्या मोजणीत नसतात. कमी पगाराची कामे कंत्राटावर टाकली की मध्यक वर सरकतो आणि पट आपोआप सुधारलेली दिसते. म्हणून बीआरएसआर या व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालातली कायम आणि कंत्राटी माणसांची संख्याही पाहा. बाजारमूल्याने पहिल्या 1,000 कंपन्यांना तो 2022-23 पासून बंधनकारक आहे. एमडींची वाढ आणि कर्मचाऱ्यांची सरासरी वाढ यांत मोठी तफावत असेल, तर तिचे समर्थन परिशिष्टातच छापलेले असायला हवे.

एमडी प्रवर्तक (प्रमोटर) कुटुंबातले असतील तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा आणखी एक नियम आहे: मोबदला 5 कोटी किंवा निव्वळ नफ्याच्या 2.5%, यांपैकी जे जास्त त्याच्या पुढे गेला की विशेष ठराव. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट, म्हणजे 75%, मते लागतात, म्हणून छोट्यांच्या मतालाही इथे किंमत आहे. ऑगस्ट 2021 मध्ये आयशर मोटर्सच्या सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीचा ठराव 73% च्या आसपास मते मिळूनही पडला. मग मंडळाने मोबदल्याची कमाल मर्यादा नफ्याच्या 1.5% वर आणली आणि तो ठराव मंजूर झाला.

सभेची सूचना 21 दिवस आधी येते. ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 वाजता बंद होते. एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या पोर्टलवर डीमॅट खात्याच्या तपशिलाने लॉगिन करा. ठराव एकेक उघडा. नियुक्ती आणि मोबदला वेगळे मांडले असतील तर मतही वेगवेगळे देता येते. एकदा नोंदवलेले मत नंतर बदलता येत नाही, तेव्हा हिशेबाचा कागद शेजारी ठेवूनच बटण दाबा.