खाजगी शाळेतल्या शिक्षकांनो, या चुका टाळा

मुलाच्या वहीत तारीख नसेल तर आपण तिथे लाल शाईने गोल करतो. पण स्वतःच्या नोकरीचा प्रश्न आला की तोंडी शब्दावर विसंबतो. शिक्षकावरच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या समित्यांवर शिक्षकाचा प्रतिनिधी म्हणून बसताना मी हे अनेकदा पाहिलं आहे. शिक्षकाची बाजू खरी असते, पण ती मांडायची मुदत संपलेली असते. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या शिक्षकांना 1977 चा सेवाशर्ती कायदा आणि 1981 ची नियमावली यांचं संरक्षण आहे. मान्यताप्राप्त शाळा विनाअनुदानित असली तरी हा कायदा लागू होतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

बिनतारखेचा राजीनामा

रुजू होतानाच सही केलेला, पण तारीख न टाकलेला राजीनामा लिहून घेण्याची पद्धत काही संस्थांत आजही आहे. "सगळेच देतात, नुसती औपचारिकता आहे," असं सांगितलं जातं. कृपा करून देऊ नका. 1977 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. शिक्षकाकडून जबरदस्तीने राजीनामा घेतला जाऊ नये, म्हणूनच ही पद्धत कायद्यात घातली आहे.

आधीच देऊन बसला असाल तर वाट पाहू नका. "रुजू होताना माझ्याकडून घेतलेला बिनतारखेचा राजीनामा माझ्या इच्छेचा नाही, तो मी मागे घेत आहे," असं पत्र आजच रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

खरोखरच नोकरी सोडायची असेल तर कायम शिक्षकाने 3 महिन्यांची आणि कायम नसलेल्याने 1 महिन्याची नोटीस द्यायची असते. मुलांना परीक्षेच्या तोंडावर सोडून अचानक जाणं मला तरी पटत नाही, आणि नियमालाही ते मान्य नाही.

नियुक्ती आदेश न वाचणं

आदेशात "परिवीक्षाधीन" (म्हणजे कायम होण्याआधी कामाची पारख होण्याच्या काळात असलेला) लिहिलं आहे की "तात्पुरती" आणि पद कायम रिक्त आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहा. कायम रिक्त पदावर नेमलेल्या शिक्षकाचा परिवीक्षा काळ 2 वर्षांचा असतो, शिक्षण सेवकाचा (सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाचा) 3 वर्षांचा. परिवीक्षेची 2 वर्षं पूर्ण होईपर्यंत सेवा संपवली नाही तर शिक्षक कायम झाला असं मानलं जातं. आदेशाची प्रतच हातात नसेल तर हे सिद्ध करताना दमछाक होते.

तिसावा दिवस उलटून जाणं

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. बडतर्फी, सेवा समाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलणं, यांविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खाजगी शाळांतल्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायालयात, अपील करता येतं. मुदत आहे आदेश मिळाल्यापासून 30 दिवस. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नये. "संस्थाचालकांशी बोलणं चालू आहे, ते परत घेतील," या आशेवर कितीतरी जणांचे हे 30 दिवस निघून गेले आहेत. बोलणी जरूर करा, पण अपील तयार ठेवून करा.

काही जण रागाने किंवा भीतीने रजिस्टर पाकीट घ्यायलाच नकार देतात. त्याने काही साधत नाही, कारण बहुतेक वेळा पत्र पोचलं असंच धरलं जातं आणि मुदतही सुरू होते.

कामगार न्यायालयात धाव घेणं ही दुसरी चूक. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक "कामगार" नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलं आहे. आणि "उद्यापासून येऊ नका," असं तोंडी सांगितलं असेल तर? दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत जा. मस्टरवर सही करू दिली नाही तर त्याच दिवशी तसं लिहून संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रत्यक्ष अर्ज दिलात तर आवक क्रमांक आणि पोच घ्यायला विसरू नका.

चौकशीवर बहिष्कार

"समिती त्यांचीच आहे, मी कशाला जाऊ?" हा प्रश्न मी खूपदा ऐकला आहे. तीन जणांच्या समितीत एक सदस्य शिक्षकाने सुचवायचा असतो. 15 दिवसांत नाव कळवलं नाही तर उरलेल्या दोघांचीच समिती बसते, आणि तुमच्या बाजूने साक्षीदाराला प्रश्न विचारणारं तिथे कोणी राहत नाही. तेव्हा नाव कळवा, हजर राहा, दोषारोपपत्राला मुद्देसूद लेखी उत्तर द्या. निलंबन झालं असेल तर निर्वाह भत्ता (निलंबनाच्या काळात गुजराण होण्यासाठी मिळणारी रक्कम) मागा, तो तुमचा हक्क आहे.

आपल्या बाजूच्या जबाबदाऱ्या

हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. वर्गासमोर मुलाच्या जातीवरून, घरच्या गरिबीवरून टोमणे मारणंही त्यात आलं. शिक्षकाने खाजगी शिकवण्या घेण्यालाही याच कायद्याची मनाई आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपता येत नाही, हे मात्र लेखी आदेश मागून नम्रपणे दाखवून द्या.

आता जी चूक कुणाच्याही हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं, ती सांगतो. एखादी मुलगी किंवा मुलगा आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल विश्वासाने बोलतो, आणि शिक्षक "शाळेची बदनामी होईल" म्हणून फक्त मुख्याध्यापकांच्या कानावर घालून गप्प बसतो. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. वरिष्ठांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे "खोटं निघालं तर?" या भीतीने थांबू नका. खरंखोटं करणं तपास यंत्रणेचं काम आहे.

त्या मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. त्याचं नाव स्टाफरूममध्ये किंवा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका, आणि त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.