नागपुरात जुनी काँटेसा घेण्यापूर्वी काय तपासावे

काँटेसाला भारताची मसल कार म्हटले जाते ते तिच्या लांब बॉनेटमुळे आणि रुंद बांध्यामुळे. इंजिनात तेवढे बळ सुरुवातीला नव्हतेच. 1984 मध्ये हिंदुस्तान मोटर्सने ती आणली तेव्हा तिच्यात ॲम्बेसेडरचेच 1489 सीसीचे, सुमारे 50 अश्वशक्तीचे इंजिन होते. इसुझु या जपानी कंपनीचे 1817 सीसीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर नंतर आले, पुढे डिझेलही. त्यामुळे बॉनेटखाली यांपैकी काय आहे हे पाहून इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी आणि इंधन आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून घ्यावे. इंजिन बदललेल्या काँटेसा बऱ्याच आहेत आणि बदलाची नोंद नसेल, तर आरटीओचे हेलपाटे खरेदीदाराच्याच वाट्याला येतात.

खरा वेळ मात्र पत्र्यासाठी राखून ठेवावा. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. परंतु या गाडीला वेगळी चौकट नसल्याने बॉडीच सारा भार पेलते आणि 2002 मध्ये उत्पादन थांबल्यानंतर नवा पत्रा मिळणे अवघड झाले आहे. गाडी भर उजेडात आणि कोरडी असताना पाहावी, कारण ओल्या रंगावर खोट दिसत नाही. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवर, चाकांवरच्या कमानींवर आणि डिकीच्या काठावर फिरवावे. ते सैल धरत असेल तर रंगाखाली थोडी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे, आणि एवढ्याने बिचकू नये. ते घसरून पडत असेल, तर आत पत्रा उरला आहे की नाही हाच प्रश्न आहे. त्यानंतर पायाखालची मॅटिंग उचलावी, स्टेपनी बाहेर काढावी आणि खालचा पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावा: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. समुद्रकाठच्या शहरातून आलेली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी. नागपूरच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण इथल्या उन्हाने काचांभोवतीचे रबर तडकते आणि पावसाळ्यात पाणी तिथूनच आत उतरते. म्हणून काचेवर बादलीभर पाणी ओतून आतली कड हाताने चाचपावी.

गाडी आधी सुरू करून ठेवू नये असे मालकाला सांगावे आणि पोहोचताच बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी, कारण गरम इंजिन बरेच काही लपवते. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असल्याची शंका घ्यावी. मग सीताबर्डीच्या गर्दीतून गाडी न्यावी आणि तापमानाचा काटा पाहत राहावे. दुपारी सिग्नलला काटा चढू लागला, तर रेडिएटरचा खर्च किमतीतून वजा धरावा. सेमिनरी हिल्सच्या चढावर क्लच घसरतो का हे कळते, तर वर्धा रोडवर वेग घेताना मागून येणारी घरघर डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याची, असू शकते.

पंधरा वर्षांनंतर आरसीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते व पर्यावरण करही भरावा लागतो. व्हिंटेज नोंदणीची सवलत 50 वर्षांवरील गाड्यांना असल्याने काँटेसाला ती अजून लागू होत नाही, विक्रेता काहीही सांगो. नूतनीकरण बाकी असेल, तर ते मालकाने स्वतःच्या नावावर पूर्ण करून दिल्याशिवाय इसार देऊ नये.