राजाच्या निधनाची फाइल: ब्रिटनमधल्या कौन्सिलांनी या चुका टाळाव्यात

सहावे जॉर्ज ६ फेब्रुवारी १९५२ ला गेले, दुसऱ्या एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ ला. मध्ये सत्तर वर्षं गेली. त्यामुळे २०२२ साली कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, ज्या क्लार्कनी (मुख्य कारभाऱ्यांनी), मेयरनी आणि टाउन हॉलच्या केअरटेकरनी हे सगळं निभावलं, त्यांच्या हाताशी अनुभव नव्हता, फक्त एक फाइल होती. राणीच्या निधनानंतर काय करायचं त्या योजनेचं ‘लंडन ब्रिज’ हे सांकेतिक नाव जगभर गाजलं. पण गावातला झेंडा उतरवणारा, शोकवही मांडणारा आणि चौकात नव्या राजाची घोषणा वाचणारा माणूस कौन्सिलचाच असतो, आणि चुकाही तिथेच होतात.

आता तिसऱ्या चार्ल्ससाठीची योजना ‘मेनाय ब्रिज’ नावाने ओळखली जाते. राजा हयात असताना अशी फाइल उघडायची म्हणजे अपशकुन, असं आपल्याकडे कुणी म्हणेल. तिथे मात्र ती न उघडणं हाच गलथानपणा मानतात, आणि ते योग्यच आहे.

फाइल ताजी, नावं शिळी

कागदावरची योजना बहुधा चांगली असते. तिच्या शेवटी जोडलेली फोन नंबरांची यादी मात्र कुचकामी निघते. ज्याच्याकडे गच्चीची किल्ली होती तो निवृत्त झालेला असतो, ‘संपर्क अधिकारी’ दुसऱ्या कौन्सिलात गेलेला असतो, आणि मेयर तर बहुतेक ठिकाणी दर मे महिन्यात बदलतो. म्हणून मे महिन्यातली वार्षिक सभा झाली की त्याच आठवड्यात यादी तपासावी. प्रत्येक कामापुढे दोन नावं हवीत आणि एक छापील प्रत घरी हवी. २०२२ ची बातमी गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आली. त्या वेळी ऑफिसं बंद होती.

त्याच दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास, डॉक्टरांना राणीच्या प्रकृतीची काळजी वाटते, एवढंच राजवाड्याने सांगितलं होतं. मधले सहा तास सगळ्यात धोक्याचे. अशा वेळी कुणीतरी सद्भावनेने वेबसाइट काळी करतं, कुणी झेंड्याच्या दोरीला हात घालतं. अधिकृत घोषणा होईपर्यंत काहीही करू नये, अपवाद एका कामाचा: आधी वेळ लावून ठेवलेल्या सोशल मीडियाच्या पोस्ट थांबवणं. शोकसंदेशाच्या खालोखाल ‘या शनिवारी धमाल फन डे’ असं आपोआप झळकलं, तर लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

झेंडा

सगळ्यात जास्त फोन झेंड्यावरून येतात, म्हणून यावर सविस्तर.

झेंडा अर्ध्यावर म्हणजे काठीच्या बरोबर मध्यावर, असं समजून काम करणारे पुष्कळ. ब्रिटनमधला संकेत वेगळा आहे: झेंडा काठीच्या दोन-तृतीयांश उंचीवर हवा, आणि त्याच्या वर निदान झेंड्याच्या उंचीइतकी काठी मोकळी दिसली पाहिजे. चढवताना तो आधी थेट टोकापर्यंत न्यायचा आणि मग खाली आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी टोकापर्यंत. चढवण्या-उतरवण्याची हीच रीत भारताच्या ध्वजसंहितेतही सांगितली आहे, त्यामुळे ज्यांनी शाळेत किंवा एनसीसीत झेंडा हाताळला आहे त्यांना हे नवीन नाही.

दुसरी अडचण भिंतीतून तिरक्या बाहेर आलेल्या काठीची. उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त कललेल्या काठीवर झेंडा अर्ध्यावर आणताच येत नाही. आणला तर तो नुसता लोंबतो. तिथे टोकाशी काळी फीत बांधायची. ती फीत आधीच आणून झेंड्याच्याच पेटीत ठेवावी, कारण त्या दिवशी दुकानात काळी रिबन मिळेलच असं नाही. दोरी आणि कप्पीही वर्षातून एकदा चालवून बघावी. गंजलेल्या कप्पीत झेंडा अर्ध्यावर अडकला तर तिथवर ठीक, पण तो परत वर न्यायचा असतो.

आणि तो न्यावाच लागतो. नवा राजा घोषित होतो तेव्हा शोक बाजूला ठेवून झेंडा पूर्ण उंचीवर जातो. २०२२ मध्ये शनिवार १० सप्टेंबरला सकाळी ११ वाजता झेंडे वर गेले, रविवारी दुपारी १ वाजता पुन्हा अर्ध्यावर आले, आणि सरकारी इमारतींवर ते २० सप्टेंबरच्या सकाळी ८ पर्यंत तसेच राहिले. शनिवार-रविवारची ड्युटी कुणाची हे आधी ठरलं नसेल, तर हे वेळापत्रक हमखास कोलमडतं. योगायोग असा की त्याच रविवारी भारतात राष्ट्रीय दुखवटा होता आणि तिरंगा अर्ध्यावर होता. म्हणजे सकाळी मुंबईतल्या नातेवाइकांशी बोलून बाहेर पडलेल्या लेस्टरच्या मराठी माणसाला टाउन हॉलचा झेंडा पूर्ण वर दिसणार, आणि कौन्सिलचं चुकलं असं वाटणार. स्थानिक इंग्रजांनाही तसंच वाटलं तर नवल नाही. अशा फोनसाठी रिसेप्शनवर दोन ओळींचं उत्तर लिहून ठेवावं. वाद घालत बसू नये.

शोकवही

छान चामडी बांधणीची वही आणायची हौस इथे नडते. वही सुट्या पानांचीच हवी. कुणी शिवी लिहिली, शाई सांडली, लहान मुलाने पानभर रेघोट्या ओढल्या, तर ते एक पान काढता येतं. बांधीव वहीचं पान फाडलं की ते सगळ्यांना दिसतं. सुटी पानं दोन-तीन टेबलांवर वाटता येतात, रांग लवकर सरकते, आणि बांधणी नंतर करता येते. पेनं काळ्या शाईची आणि भरपूर ठेवावीत. निळं बॉलपेन कालांतराने फिकं पडतं आणि ही पानं टिकवायची असतात. बऱ्याच ठिकाणी ती शेवटी स्थानिक अभिलेखागारातच गेली.

टेबल व्हीलचेअरवरच्या माणसाला पुरेल इतकं खाली हवं. पत्ता आणि फोन नंबर लिहायला सांगू नये, नाव आणि गाव पुरे. आणि वहीजवळ कुणीतरी बसलेलं असावं. पहारा म्हणून नाही. सही करायला आलेली एखादी आजी रडायला लागते, बहुतेकदा स्वतःच्याच कुणाच्या तरी आठवणीने, आणि तेव्हा जवळ खुर्ची आणि माणूस दोन्ही लागतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये प्रिन्स फिलिप गेले तेव्हा कोविडमुळे ऑनलाइन वहीच पुढे करावी लागली. तो पर्याय तयार ठेवावा, पण कागदाच्या बदल्यात नव्हे.

घोषणा वाचताना

नव्या राजाची घोषणा काउंटीत हाय शेरीफ (राजाचा तिथला मानद प्रतिनिधी) वाचतो, मग जिल्हा, मग टाउन आणि पॅरिश म्हणजे गावपातळीवरची कौन्सिल. उत्साहाच्या भरात हा क्रम मोडू नये. मजकूर अधिकृतपणे येतो तोच वाचावा, इंटरनेटवरून जुना उचलू नये. भाषा जुन्या वळणाची आणि वाक्यं लांबलचक, म्हणून मेयरने एकदा तरी मोठ्याने वाचून बघावं. मोकळ्या चौकात माइक नसेल तर तिसऱ्या रांगेपुढे काही पोचत नाही.

कुणी विरोधात ओरडलं तर? २०२२ मध्ये ऑक्सफर्डला घोषणेच्या वेळी, याला कोणी निवडलं, असं ओरडणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडलं आणि बातमी घोषणेची न होता त्याची झाली. वाचणाऱ्याने वाचत राहावं. कौन्सिलच्या स्वयंसेवकांनी अंगावर जाऊ नये. त्याला तसं म्हणायचा हक्क आहे.

शोक म्हणजे टाळं नव्हे

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. कार्यक्रम रद्द करायचं किंवा कामकाज थांबवायचं बंधन नाही, असं सरकारने २०२२ मध्ये स्पष्ट केलं होतं. तरी ‘कुणी बोट दाखवू नये’ म्हणून जो तो बंद करत सुटला. नॉर्विचमध्ये दुखवट्याच्या काळात सायकल स्टँड बंद असल्याची पाटी लागली आणि तिचा फोटो देशभर हसू करून गेला. कारण खरं तर साधं होतं: फुलं वाहायला आणि सही करायला येणाऱ्यांना जागा हवी होती. पाटीवर तेवढं लिहिलं असतं तर विषय संपला असता.

१९ सप्टेंबरला अंत्यसंस्काराची सुट्टी जाहीर झाली आणि काही ठिकाणी त्या दिवशी ठरलेले सामान्य माणसांचे अंत्यविधी पुढे ढकलले गेले. राणीच्या अंत्ययात्रेसाठी दुसऱ्या कुणाच्या आईची थांबवावी, हे कुठल्या शिष्टाचारात बसतं? स्मशानभूमीचं वेळापत्रक शक्यतो हलवू नये. हलवावंच लागलं तर त्या कुटुंबाला फोन करून सांगावं, ईमेलने नाही. कचऱ्याच्या गाड्या कोणत्या दिवशी येणार हेही लगेच जाहीर करावं.

फुलांची जागा एकच ठरवावी आणि प्लास्टिकचं वेष्टण काढायला सांगणारी पाटी पहिल्याच दिवशी लावावी. लंडनच्या रॉयल पार्क्सना (शाही उद्यानांच्या व्यवस्थापनाला), लोक फुलांबरोबर ठेवत असलेली पॅडिंग्टन अस्वलं (मुलांच्या गोष्टीतल्या अस्वलाची खेळणी) आणि त्याची आवडती मार्मलेड म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याची सँडविच आता पुरे, असं सांगावं लागलं होतं.

नागरिकत्वाचा समारंभ

आपल्या लोकांचा थेट संबंध येतो तो इथे. ब्रिटिश नागरिकत्व घेताना राजनिष्ठेची शपथ कौन्सिलच्याच समारंभात घेतात. पहिला समारंभ २००४ मध्ये लंडनच्या ब्रेंटमध्ये झाला, आणि तेव्हाचे युवराज चार्ल्स त्याला हजर होते. गादी क्षणभरही रिकामी राहत नाही, त्यामुळे निधनानंतरच्या पहिल्याच समारंभात शपथेत नवं नाव हवं. जुनी छापील कार्डं टेबलावर राहिली तर कुणीतरी तीच वाचणार. म्हणून नव्या नावाची कार्डं फाइलमध्ये तयार असावीत आणि जुनी त्याच संध्याकाळी उचलावीत. समारंभ मात्र सरसकट रद्द करू नये. आमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांत शपथ घ्यायची असते, आणि त्यानंतर पासपोर्ट काढून भारताचं तिकीट करायला बसलेली माणसं त्या यादीत असतात. तारीख बदललीच तर त्याच फोनवर पुढची तारीख द्यावी.