भांडण सुरूच असताना मुलाची ने-आण कशी करावी

घटस्फोटानंतरही आई-बाबांचं पटत नसेल, तर मुलाला एकमेकांच्या दारात सोडू-घेऊ नका. शाळेलाच मधे ठेवा. शुक्रवारी सकाळी आईने सोडायचं, सुटल्यावर बाबांनी न्यायचं. दोघं समोरासमोर येतच नाहीत. कोण कधी न्यायला येणार हे वर्गशिक्षिकेला लेखी कळवा, सोबत न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्या.

सुट्टीत म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या कदंब बसस्थानकासारखी वर्दळीची जागा बरी. पाच मिनिटांत आटपा. पैशांचा विषय तिथे काढूच नका. बोलायचं ते मेसेजवर, कामापुरतं: "शनिवारी ५ला पोचतो. खोकल्याचं औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे." पोराच्या तोंडी निरोप पाठवणं मात्र पूर्ण बंद करा. "बाबाला सांग, फी भर" हे ओझं त्याच्या डोक्यावर कशाला?

गोव्यात खरी ठिणगी पडते ती चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. दोन्हीकडचे आजी-आजोबा वाट बघत असतात, गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना नातवंड हवंच असतं. म्हणून आदेशात "सण वाटून घ्यावेत" असं मोघम राहू देऊ नका. सम वर्षी चवथ कुणाकडे, विषम वर्षी कुणाकडे, किती वाजता न्यायचं, हे वकिलाला सांगून लिहून घ्या. एका घरी दीड दिवसाचा आणि दुसऱ्या घरी पाच दिवसांचा गणपती असेल, तर पहिलं विसर्जन झाल्यावर दुसऱ्या सकाळी मूल तिकडे जाऊ शकतं.

मारहाणीची भीती असेल, तर एकट्याने जाऊ नका. ११२ हा आपत्कालीन नंबर लावा. मुलासाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.